अपूर्णांकांचा संच : पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी घ्यावा का?

दादर पश्चिमेला छबिलदास गल्लीच्या आसपास शालेय साहित्याची आणि पुस्तकांची जी दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानातून लालबागच्या आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही ‘संख्याज्ञान आणि अपूर्णांक’ अशा प्रकारचा एक संच घेतला. पाचवी, सहावी आणि सातवीची मुले वर्गाला येतात, त्यातली काही मराठी माध्यमाची, तर काही सेमी-इंग्रजीची आहेत. हा संच या मुलांबरोबर बराच काळ वापरून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्यातल्या अपूर्णांक पट्ट्या अतिशय मोलाच्या आहेत, दशमान ठोकळे चांगले आहेत, वर्तुळाचे तुकडे नसते तरी चालले असते, आणि सोबत दिलेली माहितीपुस्तिका जवळजवळ निरुपयोगी आहे. सुमारे ६५० रुपयांना मिळणारी ही पेटी घ्यावी की नाही, याचे उत्तर मी ‘घ्यावी’ असेच देईन. मात्र ती मुलांच्या हाती देऊन मोठ्यांनी बाजूला होण्यासारखी वस्तू नाही.

पेटीत दशमान ठोकळे आहेत, म्हणजे सुटे घन, दशकाचे दांडे, शतकाच्या पाट्या आणि हजाराचा एक मोठा घन. त्याशिवाय प्लॅस्टिकच्या ५१ रंगीत अपूर्णांक पट्ट्या, तेवढेच वर्तुळाचे तुकडे, एक घडीची संख्यारेषा आणि काही पत्ते. ५१ हा आकडा अशा संचांत नेहमी दिसतो. एक अखंड पट्टी, दोन अर्धे, तीन तृतीयांश, चार पाव, पाच पंचमांश, सहा षष्ठांश, आठ अष्टमांश, दहा दशांश आणि बारा द्वादशांश यांची बेरीज केली की ती ५१ होते. आमच्या संचातली अखंड पट्टी २४ सेंटिमीटर लांब आहे, त्यामुळे अर्धी पट्टी १२ सेंटिमीटरची, तृतीयांश ८ ची, पाव ६ ची, षष्ठांश ४ ची आणि द्वादशांश २ सेंटिमीटरची होते. ही निवड ज्याने केली त्याने विचारपूर्वक केली आहे, कारण मुले मोजपट्टीने मोजून स्वतः पडताळा घेऊ शकतात.

सर्वांत आधी पट्ट्यांविषयी लिहिते, कारण संच विकत घेण्याचे खरे कारण त्याच आहेत. अपूर्णांक शिकताना मुलांची जी मुख्य अडचण होते, ती आकडेमोडीची नसते. अंश आणि छेद या दोन वेगवेगळ्या संख्या आहेत असे ती धरून चालतात, आणि मग १/२ + १/३ यांची बेरीज वरच्यात वरचा, खालच्यात खालचा मिळवून २/५ अशी लिहून मोकळी होतात. उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आले, म्हणजे मिळवल्यावर मूळचे होते तेही घटले, हे त्यांना खटकत नाही, कारण २/५ ही एक संख्या आहे आणि तिला काही मोठेपण आहे, हेच त्यांच्या मनात उतरलेले नसते. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती होईल असे विचारले होते आणि उत्तरासाठी १, २, १९ आणि २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ १ एवढे असल्याने उत्तर २ च्या जवळपास हे उघड आहे. तरीही शेकडा २४ मुलांनीच ते निवडले आणि १९ किंवा २१ निवडणारी मुले निम्म्याहून अधिक निघाली. अंशांची बेरीज १९ आणि छेदांची २१, एवढेच त्यांनी पाहिले होते.

पट्ट्या हाती आल्यावर हीच चूक मुलांच्या डोळ्यांसमोर येते. अर्धी पट्टी आणि तिच्या शेजारी तृतीयांश पट्टी अशी ओळ मांडायची, खाली दोन पंचमांश ठेवायचे, आणि काही न बोलता थांबायचे. दोन पंचमांशांची ओळ एकट्या अर्ध्या पट्टीपर्यंतही पोहोचत नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. त्यानंतर मुले आपणहून वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या खाली लावून पाहू लागतात. पाव बसत नाहीत, पंचमांश बसत नाहीत, षष्ठांश लावले की बरोबर पाच बसतात. समच्छेद करणे म्हणजे दोन्ही पट्ट्या ज्या एका मापाने नेमक्या मोजता येतील असे माप शोधणे, हा अर्थ इथे हाताला लागतो, आणि मग लसावि हा शब्द एका वेगळ्या धड्यातला कोरडा शब्द राहत नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकांत आजवर पाचवीत सममूल्य अपूर्णांक आणि बेरीज-वजाबाकी, सहावीत गुणाकार-भागाकार, तर सातवीत परिमेय संख्या असा क्रम राहिला आहे. यांपैकी पहिल्या दोन वर्षांच्या बहुतेक मजकुराला या पट्ट्यांचा आधार देता येतो.

भागाकाराचा एक प्रसंग मुद्दाम सांगते, कारण पट्ट्यांचे सामर्थ्य आणि संचातली उणीव या दोन्ही गोष्टी त्यातून दिसतात. सहावीच्या मुलांना पावणेदोन भागिले अर्धा, म्हणजे १ ३/४ ÷ १/२, हे उदाहरण दिले होते. ‘उलटा करून गुणा’ हा नियम त्यांना शाळेत सांगून झाला होता, पण मी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि एवढेच विचारले की पावणेदोनमध्ये अर्धे किती बसतात. अखंड पट्टी आणि तिला लागून तीन पाव अशी ओळ झाली. खाली अर्धे लावायला घेतले तर पेटीत अर्धे दोनच, म्हणून जिथे दुसरा अर्धा संपला तिथे पेन्सिलीने खूण करून तोच अर्धा उचलून पुढे ठेवावा लागला. तीन अर्धे झाले आणि एक पाव उरला. एक मुलगा लगेच म्हणाला, “बाई, तीन पूर्णांक एक छेद चार.” शेजारच्या मुलीने उरलेल्या पावावर अर्धी पट्टी ठेवली, क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “अरे, आपण अर्ध्याने मोजतोय ना? मग हा अर्ध्याचा अर्धा झाला. साडेतीन.” उरलेला तुकडा अखंड पट्टीच्या हिशेबाने पाव आहे आणि मोजमापाच्या हिशेबाने अर्धा आहे, ही गोष्ट मोठ्या माणसांनाही चटकन सांगता येत नाही. ती मुलीला दिसली, आणि मुलानेही ती मान्य करण्यापूर्वी तुकडा स्वतः ठेवून पाहिला. नियमाने साडेतीन हे उत्तर दोन ओळींत मिळाले असते, पण ते साडेतीन म्हणजे साडेतीन काय, हा प्रश्न कोणाला पडला नसता.

संचाची मोठी उणीव यातच आहे. अखंड पट्टी एकच दिल्यामुळे अंशाधिक अपूर्णांक मांडणे फार अवघड होते. ५/४ दाखवायचे तर पाव चारच, ७/६ दाखवायचे तर षष्ठांश सहाच. अपूर्णांक म्हणजे एकापेक्षा लहान असलेला तुकडा, हा समज मुलांच्या मनात आधीच घट्ट असतो आणि संचाची रचना तो अधिकच पक्का करते. दुसरा संच घेतल्याखेरीज पूर्णांकयुक्त अपूर्णांक नीट शिकवता येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुसरी उणीव छापील आकड्यांची आहे. प्रत्येक पट्टीवर तिचा अपूर्णांक छापलेला आहे, आणि तो वाचता येतो म्हणून मूल पट्टीकडे पाहतच नाही. माझा उपाय असा की पट्ट्या उलट्या, कोऱ्या बाजूने मांडायच्या आणि रंगावरून बोलायचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘पूर्ण’ कोणते ते दर वेळी बदलायचे. अर्ध्या पट्टीलाच एक मानले तर पाव पट्टी अर्धी होते, तृतीयांश पट्टी दोन तृतीयांश होते आणि अखंड पट्टी दोन होते. पाव हा कशाचा पाव, हे विचारण्याची सवय त्यातून लागते. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या रंगीत कांड्यांवर काहीही छापलेले नसते, त्याचे कारण हेच आहे की कोणत्याही कांडीला एक मानता यावे. या संचाच्या निर्मात्याने पट्ट्यांची एक तरी बाजू कोरी ठेवली, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

सप्तमांश आणि नवमांश संचात नाहीत. वर्तुळात ३६० अंशांचे सात समान भाग पूर्ण अंशांत होत नाहीत आणि २४ सेंटिमीटरच्या पट्टीचेही होत नाहीत, त्यामुळे सातला वगळणे निर्मात्याच्या सोयीचे आहे. पण मुलांना त्यामुळे छेद म्हणजे २, ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ एवढेच असे वाटू लागते. आम्ही सप्तमांश कागदाचे केले. २४ सेंटिमीटरची कागदी पट्टी एकरेघी वहीच्या उघड्या दोन पानांवर तिरपी ठेवायची, एक रेघ सोडून एक अशा आठ रेघा मोजायच्या, पट्टीचे एक टोक पहिल्या रेघेवर आणि दुसरे आठव्या रेघेवर आणायचे, आणि मधल्या रेघा जिथे पट्टीला छेदतात तिथे खुणा करायच्या. सात समान भाग मिळतात. हे काम मुलांना फार आवडले, आणि १/७ हा १/६ पेक्षा मोठा की लहान यावर नंतर कोणी अडखळले नाही. तसेच १/३ + १/५ यांच्यासाठी पंचदशांश पट्टी पेटीत नाही. तिथे मुलांना आता कागदावर हिशेब करा असे सांगता येते, आणि तोवर त्यांना तो करता येतो, म्हणून या मर्यादेला मी दोष म्हणणार नाही.

घडणीबद्दल मात्र तक्रार आहे. बारा द्वादशांश एका ओळीत लावले की ओळ अखंड पट्टीच्या पुढे सुमारे सहा मिलिमीटर जाते. एकेका तुकड्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी बारा तुकड्यांत तो साठत जातो, आणि ज्या साहित्यातून १२/१२ म्हणजे १ हे दिसायला हवे त्यातूनच ते खोटे ठरते. एका मुलाने ते बरोबर हेरले आणि बारा द्वादशांश एकाहून मोठे असतात असे अगदी मनापासून सांगितले. त्याचे निरीक्षण खरे होते, पट्टीच चुकीची होती, आणि हे समजावताना माझा बराच वेळ गेला. दुकानदाराने पेटी बदलून दिली आणि दुसऱ्या पेटीतले द्वादशांश ठीक निघाले, त्यामुळे दोष सगळ्या संचांत नसावा. पैसे देण्यापूर्वी काउंटरवरच पेटी उघडून बारा द्वादशांश आणि दहा दशांश अखंड पट्टीशेजारी लावून पाहावेत. आमच्या दुकानदाराने त्याला हरकत घेतली नाही.

वर्तुळाच्या तुकड्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. पाव आणि अर्धे ओळखायला ते सोपे आहेत, पण ४/५ मोठा की ५/६ हे कोनांवरून डोळ्यांना कळत नाही, दोन वर्तुळे एकाला एक लावून संख्यारेषेकडे जाता येत नाही, आणि पंचमांश व षष्ठांश हातात वेगवेगळे धरले तर ओळखूही येत नाहीत. पाचवीच्या आधीच्या मुलांसाठी ते ठेवावेत.

दशमान ठोकळ्यांचा उपयोग मोठ्या मुलांना नसतो असे अनेक पालकांना वाटते, पण दशांश अपूर्णांक सुरू झाले की त्यांची खरी गरज भासते. शतकाच्या पाटीला एक मानले की दांडा ०.१ होतो आणि सुटा घन ०.०१ होतो. ०.३५ हा ०.८ पेक्षा मोठा, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे, असे सांगणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांनी तीन दांडे आणि पाच सुटे एका बाजूला, आठ दांडे दुसऱ्या बाजूला ठेवले की वाद उरत नाही. मुंबईच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला वारंवार आढळली आहे. लोकल गाड्यांच्या वेळा ऐकत ती वाढतात, त्यामुळे ‘८.३०ची गाडी’ साडेआठची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते, आणि मग साडेआठ ही संख्या दशांशात लिहायला सांगितली की काही जण ८.३० असेच लिहितात. वेळेतला तो बिंदू तास आणि मिनिटे वेगळी दाखवतो, तिथे साठांचा हिशेब आहे. दशांश चिन्हाच्या उजवीकडे मात्र दहांचा, शंभरांचा हिशेब आहे. पाटी आणि पाच दांडे समोर ठेवूनच हा फरक सांगावा. उलट, भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा पाव किलोला ०.२५० दाखवतो, तेव्हा मुलांच्या ओळखीचा पाव आणि दशांश अपूर्णांक एकाच ठिकाणी भेटतात. घरच्यांनी भाजी घेताना मुलांना तो काटा वाचायला लावावा.

आजच्या मुलांना पाव-पाऊण यांची ही ओळख रोजच्या व्यवहारातून फारशी होत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ म्हणत असे, कारण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते आणि चार आणे म्हणजे पाव रुपया हा बाजारातला नेहमीचा हिशेब होता. २५ पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून गेले. जो अनुभव पूर्वी हातातून जात असे तो आता मुद्दाम घडवावा लागतो, आणि अशा संचाची किंमत मोजण्यामागचे माझ्या लेखी सर्वांत मोठे कारण तेच आहे.

सुट्या घनांचा आणखी एक चांगला उपयोग संख्यांच्या गुणधर्मांसाठी होतो. १२ घनांचे भरीव आयत करायला सांगितले की १ × १२, २ × ६ आणि ३ × ४ असे तीन होतात आणि १२ चे सगळे विभाजक समोर येतात. १३ घनांचा एकच आयत होतो, एका रांगेचा. मूळ संख्या आणि संयुक्त संख्या यांची व्याख्या पाठ करण्यापूर्वी मुलांनी २ पासून ३० पर्यंतच्या संख्यांचे आयत करून पाहावेत, १ ला एकच विभाजक असल्याने तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही हे त्यानंतर सांगितलेले लक्षात राहते.

माहितीपुस्तिका चार पानांची आणि पूर्णपणे इंग्रजीत आहे. मुंबईत विकल्या जाणाऱ्या वस्तूबाबत ही मला गंभीर उणीव वाटते. सेमी-इंग्रजीतले मूल शाळेत न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर ऐकते, घरी आई अंश आणि छेद म्हणते, आणि दोघांनी एकत्र अभ्यासाला बसायचे तर दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले एक साधे पान पुरे झाले असते. आम्ही तसे पान हाताने लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहे. पुस्तिकेतली उदाहरणेही ‘पाहा आणि लिहा’ प्रकारचीच आहेत. आधी अंदाज करा, मग मांडा, असे एकही उदाहरण नाही. पत्तेही तसेच, पण त्यांवरचे अपूर्णांक संख्यारेषेवर क्रमाने लावण्याचा खेळ आम्ही बसवला आणि ५/८ हा अर्ध्याच्या कोणत्या बाजूला यावर मुले चांगलीच भांडली. अंदाजासाठी ०, अर्धा आणि १ हे तीन खांब मनात पक्के असले की निम्मी उदाहरणे न सोडवताच तपासता येतात.

ज्यांना ६५० रुपये जास्त वाटतात त्यांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जाड रंगीत कार्डशीट आणावी आणि २४ सेंटिमीटरच्या पट्ट्या घरी कापाव्यात. त्या लवकर मळतात आणि वाकतात, पण मापे मुलांनीच घ्यायची असल्याने ते शिकणेही त्यातच होते, आणि सप्तमांश-नवमांशही करता येतात. वर्गासाठी मात्र प्लॅस्टिकच बरे, कारण पट्ट्या पुसता येतात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत फुगत नाहीत.

हरवलेले तुकडे सुटे मिळत नाहीत. दुकानदाराकडे विचारले तेव्हा पूर्ण पेटीच घ्यावी लागेल असे उत्तर मिळाले, म्हणून वर्ग संपताना रंगानुसार तुकडे मोजून ठेवण्याचे काम आम्ही मुलांकडेच दिले आहे. दोन संच घेणार असाल तर ते एकाच वेळी, एकाच कारखान्याचे घ्यावेत आणि दोन्हींच्या अखंड पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पट्ट्यांची लांबी सारखी असेलच असे नाही, आणि मग एका पेटीतला अर्धा दुसऱ्या पेटीतल्या दोन पावांएवढा भरणार नाही.